शाळेतल्या मॅडमना सांगितलं, आईला नाही

ताई, नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. मोठी मुलगी दहावीला आहे, राज्य मंडळ, सेमी-इंग्लिश. सहामाहीला ८४ टक्के पडले. मिस्टर रबाळे एमआयडीसीत फिटर आहेत, आयटीआय केलेले. मी घरून पोळी-भाजीचे डबे देते. मुलीने अकरावीला सायन्स घ्यायचं आणि इंजिनिअर व्हायचं, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. त्यासाठी मिस्टरांनी एका इंटिग्रेटेड क्लासमध्ये (कॉलेज आणि क्लास एकत्र) २५,००० भरून जागाही धरली आहे. बाकीचे हप्ते जानेवारीपासून.

यंदा शाळेत एक समुपदेशक मॅडम येऊ लागल्या आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी. त्यांनी मुलांची कसलीशी चाचणी घेतली आणि आमच्या मुलीला तीनदा बोलावून घेतलं. परवा तिच्या दप्तरात डिप्लोमाची माहिती लिहिलेला कागद सापडला. विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, मला मेकॅनिकल डिप्लोमा करायचाय, मॅडमना माहितीये. मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी २० वर्षं तेलात हात घातले, ते पोरीनेही घालावेत म्हणून?" मुख्याध्यापकांकडे तक्रार करू म्हणतात, या बाई पोरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवतात. मुलगी हुशार आहे. मध्ये मिक्सर बंद पडला तर तिनेच उघडून चालू केला, कसा केला देव जाणे. पण म्हणून तेच करायचं का? तक्रार करावी का? आणि परक्या बाईला मन सांगितलं, आईला नाही, हे मला फार लागलंय.

एक आई, कळवा

ताई,

तक्रार करू नका. का ते सांगते, पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. मला वाटतं, पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंत.

मी ठाण्यातल्या शाळांमध्ये २६ वर्षं काम केलं. त्यातली शेवटची ११ समुपदेशनाची. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून मुलं जे बोलली, त्यातलं पुष्कळसं त्यांच्या आयांना ठाऊक नव्हतं. आईचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नाही, एवढंच त्याचं कारण असायचं. पहाटे उठून तुम्ही डबे कशासाठी करता आणि ते २५,००० कुठून आले, हे तुमच्या मुलीला पक्कं माहीत आहे. मॅडमना तिच्या उत्तराने सुखही होणार नव्हतं आणि दुःखही. म्हणून ते वाक्य तिने त्यांच्यासमोर एकदा बोलून पाहिलं. तुमच्याशी बोलायची ती तालीम होती, असं समजा. शिवाय कळव्यातली घरं मी पाहिली आहेत. एक खोली, एक स्वयंपाकघर, टीव्ही चालू, धाकटं भावंड गृहपाठाला बसलेलं. अशा घरात १५ वर्षांच्या मुलीला काही अवघड बोलायचं असेल तर ते सगळ्यांच्या देखतच बोलावं लागतं. शाळेतल्या त्या खोलीला दार असतं, आणि तेवढ्याने मुलं बोलती होतात.

आता मॅडमविषयी. समुपदेशक म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं, एक तर पोराचं काहीतरी बिघडलंय, नाहीतर ही बाई आता कुठली साइड घ्यायची ते सांगणार. दहावीच्या वर्गासाठी हे काम खरं तर वेगळंच असतं. मुलीला काय जमतं, काय आवडतं, त्यातून कुठल्या वाटा निघतात, त्या प्रत्येक वाटेला कुठला कागद, किती पैसे आणि कुठली तारीख लागते, हे तिच्यासमोर मांडायचं आणि मग घरात बोलायचं बळ तिला द्यायचं. दप्तरातला तो कागद पुन्हा वाचा. त्यावर माहिती आहे, असं तुम्हीच लिहिलंत. "सायन्स घेऊ नको" असं त्यात कुठे आहे का? एका चाचणीच्या जोरावर कुणी तसं सांगितलं असतं, तर मी तुमच्या बाजूने उभी राहिले असते.

तिचं बोलणं त्यांनी तुमच्या कानावर घातलं नाही, हेही मिस्टरांना खटकलं असेल. पण मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना लगेच कळवायचं, आणि बाकीचं मुलाने विश्वासाने सांगितलेलं आपल्याकडेच ठेवायचं, या कामाची रीतच तशी आहे. मात्र तीन भेटी झाल्यावर त्यांनी तुम्हा दोघांना बोलवायला हवं होतं असं मलाही वाटतं. ते त्यांना तोंडावर सांगा. त्यासाठी मुख्याध्यापकांपर्यंत जायचं कारण नाही.

आणि त्या मॅडम मिळाल्यात याचं मोल जाणा. अमेरिकेत शाळा समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी शिफारस करते. आपल्याकडे राज्य मंडळाच्या कितीतरी शाळांत असा माणूसच नसतो, आणि असला तर आठवड्यातून दोन दिवस, अख्ख्या शाळेला एक. अमेरिकेतल्या समुपदेशकाचं शिफारसपत्र कॉलेजच्या अर्जासोबत जातं. आपल्याकडे प्रवेश गुणांवर, सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षेवर आणि केंद्रीय फेऱ्यांवर होतात, पत्राला किंमत नाही. म्हणून इथल्या समुपदेशकाने पुढचं आधी पाहायचं असतं. २०२४ पासून राज्यात बीबीए, बीएमएस, बीसीएच्या प्रवेशालाही सीईटी लागू झाली, तेव्हा बारावी कॉमर्सच्या अनेक घरांना ते अगदी ऐनवेळी कळलं. ज्या शाळेत कुणीतरी या गोष्टींवर डोळा ठेवून होतं, तिथली मुलं वाचली.

चाचणीचं थोडं सांगते. कल म्हणजे काय करायला आवडतं, आणि अभिक्षमता म्हणजे काय चटकन जमतं. दोन्ही वेगळ्या मोजाव्या लागतात. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती, नंतर महाकरिअर पोर्टल आलं. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे आणि तिथेही अशा चाचण्या होतात. चाचणी चांगली असते, पण तिची एक मर्यादा मी वर्षानुवर्षं पाहिली: मुलाने जे काम कधी पाहिलंच नाही, त्याची आवड अहवालात उमटत नाही. कळव्याच्या मुलीला प्रयोगशाळेतलं संशोधन आवडेल की नाही, हे ती कुठल्या आधारावर सांगणार? तुमच्या मुलीने यंत्रं पाहिली आहेत, कारण बाबा यंत्रांविषयी बोलतात. म्हणून मॅडमना नुसतं "अहवालात काय आलं" एवढंच विचारू नका. "तिने न पाहिलेल्या कुठल्या गोष्टी तिला दाखवाव्यात" हेही विचारा.

आता तिच्या बाबांकडे येते, कारण या सगळ्यात मला सर्वात जास्त त्यांच्याशीच बोलायचं आहे.

दादा, "तेलात हात घातले" या वाक्यात तुमची २० वर्षं आहेत, आणि त्यातली भीती पोकळ नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या बंद पडताना, दुसरीकडे जाताना तुम्ही पाहिल्या असतील. कायम कामगार कमी आणि कंत्राटी जास्त कसे झाले तेही पाहिलं असेल. आयटीआय फिटर, डिप्लोमा इंजिनिअर आणि डिग्री इंजिनिअर एकाच छताखाली काम करतात तेव्हा कोणाच्या हातात काय असतं, बढती कुठे अडते, रात्रपाळी कुणाच्या वाट्याला येते, मशीन बिघडलं की साहेब कुणाला बोलावतो, हे कुठल्याही समुपदेशकाला तुमच्याइतकं माहीत नसतं. मी ११ वर्षं हे काम केलं आणि मला ते माहीत नव्हतं. ही माहिती तुमच्या मुलीला आज हवी आहे. दोन दिवस न बोलण्यापेक्षा दोन तास बसून तिला सगळं सांगा, वाईटही आणि चांगलंही. एखादं बंद पडलेलं मशीन तुमच्या हातून पुन्हा चालू झालं तेव्हा कसं वाटलं होतं, तेही लपवू नका. एवढं ऐकूनही ती मेकॅनिकलच म्हणाली, तर ते डोक्यात कुणी भरवलेलं नाही हे तुम्हालाच कळेल. आणि तुमच्या हातातला फिटरचा पाना आणि तिच्या समोर येईल ते ड्रॉइंग, यांत पुष्कळ अंतर आहे.

आता त्या दोन वाटा. आकडे सोपे आहेत, पण घरोघरी नीट मांडले जात नाहीत. अकरावी-बारावीची २ वर्षं आणि इंजिनिअरिंगची ४, एकूण ६. दहावीनंतर डिप्लोमाची ३, आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तर तिथली ३, एकूण ६. म्हणजे इंजिनिअर व्हायचं तुमचं स्वप्न डिप्लोमाने मोडत नाही. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, त्याला सीईटी लागत नाही, पण जागा मोजक्या असतात. म्हणून डिप्लोमाला "झालं तर झालं" अशी ढिलाई चालत नाही. तीन वर्षांनी हातात एक पात्रता येते आणि घरात निकड असेल तर मुलगी कमावू शकते, हा त्या वाटेचा मोठा फायदा. तोटाही तितकाच खरा आहे. १५ व्या वर्षी शाखा ठरते. मधेच तिला वाटलं की मला भौतिकशास्त्रात संशोधन करायचंय किंवा वैद्यकीयकडे जायचंय, तर परत फिरणं जड जातं. बारावी सायन्सने ती दारं दोन वर्षं उघडी राहतात. त्या वाटेवर इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी असते, २०० गुणांची, त्यात १०० गुण एकट्या गणिताचे. तिला गणित मनापासून आवडतं की नुसते मार्क पडतात, हे मॅडमनी तिच्याकडून काढून घ्यावं. तुम्हाला ते प्रगतिपुस्तकावरून कळणार नाही.

मुलगी मेकॅनिकलला कशी, असं कुणी नातेवाईक विचारतीलच. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, असं त्यांना सांगा. वर्कशॉपमध्ये सुरुवातीला मुली दोन-तीनच असतील आणि त्याचा त्रास होऊ शकतो, हे मात्र मुलीला सांगून ठेवा.

आणखी एक. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. नोकऱ्या येतील हे खरं, पण त्याच्या नावाने "सहा महिन्यांत एअरपोर्टला नोकरी" अशा जाहिरातीही येतील. कुठल्याही तंत्रनिकेतनाला किंवा संस्थेला पैसे देण्याआधी तिला एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का आणि डिप्लोमा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा आहे का, ते मॅडमसोबत बसून तपासा.

क्लासच्या पैशांवर माझं मत सरळ आहे: जानेवारीचा हप्ता भरू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलांची नोंदणी नको, प्रवेश माध्यमिक परीक्षेनंतरच, आणि मुलाने मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत, असं त्यांत म्हटलं आहे. अंमलबजावणी राज्यांकडे आहे, त्यामुळे क्लासवाले लगेच ऐकतील असं समजू नका. पण हा मुद्दा हातात ठेवून लेखी मागणी करा, पावती जपून ठेवा. माझी हरकत पैशांपुरती नाही. जागा आधी धरली की घरातला प्रश्नच बदलतो. "तिला काय करायचंय" हे मागे पडतं आणि "भरलेल्या पैशांचं काय" एवढंच उरतं. इंटिग्रेटेडमध्ये कॉलेज नावालाच राहतं आणि मुलं दोन वर्षं एका हॉलमध्ये बसतात, हेही मी जवळून पाहिलंय. काही मुलांना ते मानवतं. हाताने काम करणाऱ्या मुलीला मानवेल का, हे विचारून घ्या.

कागदांबद्दल लिहिताना मला एक मुलगा आठवतो, आणि ती चूक माझी होती. बारावीनंतर इंजिनिअरिंगला त्याचा राखीव जागेवर नंबर लागला, पण जात वैधता प्रमाणपत्र हातात नव्हतं. अर्ज करायला उशीर झाला होता. त्याला दुसरीकडे, जास्त फी भरून जावं लागलं. मी शाळेत नोटीस लावली होती. नोटीस लावली म्हणजे ती वाचली गेली, असं मी धरून चालले. त्या मुलाचे वडील रात्रपाळीला असायचे आणि आई वाचू शकत नव्हती. त्यानंतर मी दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या प्रत्येक घराशी एकदा तरी बोलत असे.

तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, पण उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र तुम्हाला लागणारच. प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, लागू असल्यास मुदतीतलं नॉन-क्रीमीलेयर आणि पुढे डिग्रीच्या वेळी जात वैधता. कळवा ठाणे तालुक्यात येतं, त्यामुळे दाखले ठाणे तहसीलचे. तुमचे कुणी भाऊबंद खारघर-पनवेलला असतील तर त्यांची गोष्ट वेगळी, तो तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड. हे आता केलंत तर मे-जूनच्या गर्दीत आपले सरकार केंद्रासमोर रांग लावावी लागणार नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जाहीर केली. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. त्या योजनेत बसत नसाल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती पाहा. तुमच्या मुलीला नेमकं काय लागू होतं ते मॅडमकडून वहीत लिहून घ्या. क्लासच्या हप्त्यांची काळजी करणाऱ्या घराला हे आधी कळायला हवं होतं.

निकालानंतर दोन्ही अर्ज भरा, अकरावीचाही आणि डिप्लोमाचाही. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात १० पसंती देता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर शेजारणीने सांगितलेलं नाव लिहू नका. प्रवासाचाही हिशेब धरा. कळव्याला सकाळी लोकल आधीच भरून येते. चेंदणीच्या बांदोडकरला जायचं तर एकच स्टेशन. वांद्र्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाला किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयला रोज जायचं तर तीन वर्षं त्या गर्दीतून. चांगली संस्था असेल तर जावं, माझं तेच मत आहे, पण मुलीने आधी एकदा सकाळी सातच्या गाडीने जाऊन पाहावं.

येत्या शुक्रवारी दोघंही शाळेत जा. रजा पडली तर पडू दे. मॅडमना आधी निरोप द्या की आम्हाला तिघांना एकत्र बसायचंय. तिथे पहिली दहा मिनिटं मुलीला बोलू द्या, मधे कुणी तोडू नका, मिस्टरांनी तर नाहीच. मग बाबांनी बोलावं. मॅडमनी शेवटी. दहावीची परीक्षा होईपर्यंत निर्णय झाला नाही तरी चालेल. ८४ चे जितके वाढतील तितका दोन्हीकडे उपयोग आहे, कारण अकरावी काय आणि डिप्लोमा काय, प्रवेश दहावीच्या गुणांवरच. तोवर वागळे इस्टेटच्या आयटीआयचं वर्कशॉप आणि एखादं तंत्रनिकेतन तिला आतून दाखवता येईल का, ते मॅडमना विचारा. ती फार रडत असेल, झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, तर तेही त्यांना सांगा. शाळा नसेल त्या वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, विनामूल्य आणि चोवीस तास.

शुक्रवारपर्यंत घरात या विषयावर वाद नको. त्याआधी एका संध्याकाळी, डबे गेले की, तो मिक्सर ओट्यावरून खाली घ्या आणि मुलीला जवळ बसवून म्हणा, तू तेव्हा नक्की काय केलंस ते मला दाखव. मिस्टर घरी असतील तर त्यांनाही बोलवा. चुकलं तर चुकू दे, ती सांगेपर्यंत त्यांनी पान्याला हात लावायचा नाही.